कबर अजून पुरी झालेली नाही : एका मेंडे मर्तिकगाण्याचा माग

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, समुद्राला लागून, मॅकिन्टॉश काउंटी आहे. तिथल्या हॅरिस नेक या वस्तीत खाडीवर मासे, खेकडे आणि कालवं धरून जगणारी कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती. सगळी गुलामगिरीतून सुटलेल्यांची लेकरं-नातवंडं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अमेलिया डॉली यांनी घरी आलेल्या एका अभ्यासकाला पाच ओळींचं गाणं म्हणून दाखवलं. आई-आजीकडून आलेलं. शब्द पाठ, चाल पाठ, पण अर्थ घरात कुणालाच ठाऊक नव्हता. हे आफ्रिकेतलं आहे, एवढंच माहीत होतं.

ते गाणं सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचं होतं आणि मर्तिकाचं होतं. अटलांटिकपलीकडच्या एका गावात तेच गाणं एका बाईंच्या ओठांवर सापडेपर्यंत आणखी जवळजवळ साठ वर्षं गेली. ही हकीकत बहुतेक वेळा ‘दुरावलेल्या माणसांची भेट’ म्हणून सांगितली जाते, आणि ती भेट खरोखर हेलावून टाकणारी आहे. मला मात्र तिच्यातला दुसरा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. मेंडे लोकांकडे मृत्यूभोवती मुखवटे होते, ढोल होते, नाच होते, गुप्त मंडळं होती. एवढ्या वैभवातून समुद्र ओलांडून शाबूत पोहोचल्या त्या पाच ओळी. असं का झालं असेल?

मेंडे मुलखातलं मरण

सिएरा लिओनच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, बो, केनेमा, मोयांबा, पुजेहुन, कैलाहुन या भागांत मेंडे लोक राहतात. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश. मुख्य पीक भात. माणूस मेला की तो लगेच पूर्वज होत नाही, ही त्यांच्या जुन्या समजुतीतली कळीची गोष्ट. जीव आधी वाटेत असतो. त्याला एक पाणी ओलांडायचं असतं आणि ते ओलांडून देण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांची. या विधीला तेंजामेई म्हणतात, म्हणजेच पाणी ओलांडणं. पुरुषाचा चौथ्या दिवशी होतो, बाईचा तिसऱ्या दिवशी. मेंडे मुलखात तीन हा आकडा बाईचा आणि चार पुरुषाचा, जन्मापासून मरणापर्यंत. पूर्वजांना नैवेद्य लाल भाताचा दाखवतात. पामतेलात शिजवल्याने तो लाल होतो.

आपल्याला इथे वैतरणी आठवणार. पण वैतरणी पार करताना गाय दान दिलेली असावी लागते, मधे भटजी असतो, मंत्र असतो. तेंजामेईत गावाने जमायचं असतं, आणि गाण्याची सूत्रं बायकांच्या हातात असतात.

पाण्याचं नातं मरणापुरतंच नाही. सांडे हे मेंडे बायकांचं मंडळ. मुलींना वयात आल्यावर त्यात दीक्षा मिळते. या मंडळाचा मुखवटा म्हणजे सोवेई : काळाभोर, चकचकीत, लाकडी, डोक्यावर शिरस्त्राणासारखा पूर्ण बसणारा. कपाळ रुंद, केसांची रचना बारकाईने कोरलेली, डोळे खाली झुकलेले, तोंड लहानसं आणि मिटलेलं, मानेभोवती वळ्यांवर वळ्या. या वळ्या म्हणजे पाण्यातून वर येणाऱ्या देवतेभोवती उठलेले तरंग, असा अर्थ काही अभ्यासक लावतात, आणि मला तो पटतो, कारण ही देवता पाण्यातूनच येते असं मानलं जातं. अंगावर काळ्या रंगवलेल्या राफियाच्या, म्हणजे एका जातीच्या ताडाच्या, धाग्यांचा घोळदार पेहराव, त्यातून हात-पायसुद्धा दिसत नाहीत. मुखवटा पुरुष कोरतो, पण नाचते बाई. आफ्रिकेत मुखवटा घालून नाचण्याचा मान बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच असल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांचं सोवेईकडे फार लक्ष गेलं. दीक्षेच्या सोहळ्यांत ती येते, तशीच मंडळातल्या मोठ्या बाईच्या मरणालाही येते.

पुरुषांचं मंडळ पोरो. त्याचा गबिनी हा मुखवटा राफिया आणि चामड्याचा, जडशीळ आणि धाक घालणारा. तो वाटेल तेव्हा बाहेर निघत नाही. मुलखाच्या मुख्य सरदाराचा अभिषेक किंवा त्याचं मर्तिक असेल तर निघतो. तो निघाला की बायकांनी लांब उभं राहायचं. गोबोई त्याच्याहून सौम्य. राफियाच्या ढिगासारखा घुमत येतो, गर्दीत मिसळतो, नाचून दाखवतो.

मुखवट्याच्या आत कोण आहे हे बोलायचं नसतं. तिथे माणूस नसतोच, न्गाफा असतो, म्हणजे आत्मा. आणि सोवेई बोलत नाही. तिचं मिटलेलं तोंड म्हणजे मंडळाची गुपितं राखणारं तोंड. ती नाचते, झुकते, फिरते. गाणं असतं तिच्या भोवतीच्या बायकांचं, त्यांच्या हातात सेग्बुरे असतात : वाळवलेला भोपळा, भोवती मण्यांची जाळी, झटका दिला की खळ्ळकन वाजणारा. जोडीला ढोल.

नाचणारी मुकी आणि गाणाऱ्या बिनमुखवट्याच्या, हा फरक मी मुद्दाम इथे मांडून ठेवतोय. पुढे तो लागणार आहे.

पाच ओळी

गाण्याचा आशय असा. पहिल्या दोन ओळी सगळ्यांना बोलावतात : या, एकत्र या, नेटाने काम करा, कबर अजून पुरी झालेली नाही, गेलेल्याच्या जिवाला शांतता लाभू दे. पुढच्या तिन्ही ओळी एकाच शब्दबंधाने सुरू होतात, ‘हा सा वुली न्गो’. अवचित आलेलं मरण सगळ्यांचं चित्त आपल्याकडे ओढून घेतं. पहिल्यांदा ते बंदुकीच्या बारासारखं येतं. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक जाते. शेवटी ते लांबून ऐकू येणाऱ्या ढोलासारखं होतं.

मला या बांधणीत मोठी कसब दिसते. पहिल्या दोन ओळी जवळजवळ सारख्या, पुढच्या तीन एकाच मुखड्याच्या. पाच ओळींत शिकायचं थोडंच, उरलेलं परत परत येतं. पूर्ण भाषा विसरलेल्या मुलीलाही असं गाणं पाठ होऊ शकतं. शिवाय ते फावड्या-कुदळीच्या लयीचं आहे, कामाला बोलावणारं. नुसता विलाप असता तर त्याला रडणाऱ्याची गरज पडली असती. कामाचं गाणं कुणालाही म्हणता येतं, आणि लहान पोरांना नाचवतही येतं. डॉली यांच्या घरात त्याचं तेच झालं होतं. कबरीजवळचं गाणं अंगणातलं झालं.

समुद्रापार

सिएरा लिओन नदीत बन्स बेट आहे. तिथे १६७० च्या सुमारापासून १८०८ पर्यंत इंग्रजांची गढी होती आणि तिचा धंदा होता माणसं विकणं. अठराव्या शतकात साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या दलदलीत भाताचे मळे उभे राहत होते. मळेवाल्यांना भाताची जाण असलेली माणसं हवी होती, आणि ती जाण पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची. चार्ल्सटन आणि सव्हाना इथल्या लिलावांत त्या किनाऱ्यावरून आणलेल्यांना जास्त भाव मिळे. एखाद्याला शेती येते म्हणून त्याला पकडून नेणं, ही या इतिहासातली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट.

दलदलीत मलेरिया आणि पीतज्वर, त्यामुळे गोरे मालक उन्हाळाभर दूर राहत. बेटांवर आणि किनाऱ्यावर आफ्रिकेतून आलेल्यांचीच वस्ती दाट झाली. तिथे जी बोली आणि जी संस्कृती तयार झाली तिला गला म्हणतात. जॉर्जियात तिचं नाव गीची.

आता मुखवट्याकडे परत. गबिनी निघायचा तर पोरो हवं, त्याचं रान हवं, अधिकार असलेले म्हातारे हवेत, मरायला सरदार हवा. सोवेई निघायची तर सांडेतल्या पायऱ्या चढलेली बाई हवी, कोरणारा सुतार हवा, राफिया हवी, दीक्षा घेणाऱ्या मुली हव्यात. यातलं काहीच जहाजाच्या तळघरातून येत नाही. मंडळ म्हणजे माणसांमधली नाती आणि त्यांचा क्रम. बाजारात माणसं एकेक करून विकली की पहिला घाव त्या क्रमावर बसतो.

ढोलावर तर कायदाच आला. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं, तेव्हा ढोल वाजवून माणसं गोळा केली होती. १७४० च्या कायद्याने ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी घातली. जॉर्जियाने पुढे आपले कायदे त्याच नमुन्यावर बेतले. मॅकिन्टॉश काउंटीत आजही रिंग शाउट हा प्रकार जिवंत आहे : लोक घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरतात, पाय एकमेकांवरून जाऊ देत नाहीत, टाळ्या पडतात आणि एक जण लाकडी जमिनीवर काठी आपटून ठेका धरतो. ढोल हिरावून घेतलेल्यांनी जमिनीचाच ढोल केला. नाच राहिला, मुखवटा गेला.

आणि याच मुलखात एका घरात बायका एक गाणं म्हणत होत्या, ज्याच्या शेवटच्या ओळीत लांबून येणारा ढोल होता. तो ढोल त्यांना ऐकू येत नव्हता. शब्द तेवढे होते.

एक मुखवटा अर्थात समुद्र ओलांडून गेला, पण वेगळ्या वाटेने. १८८६ मध्ये लंडनला वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी सिएरा लिओनहून सोवेई नेण्यात आली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पेहराव नाही, भोपळे वाजवणाऱ्या बायका नाहीत, पाणी नाही. नुसतं कोरीव काम म्हणून पाहिलं तरी ती सुंदर आहे. पण ती नाचलेली दिसत नाही, आणि बोलत तर ती कधीच नव्हती.

टर्नर यांच्या तबकड्या

लोरेन्झो डाव टर्नर हे कृष्णवर्णीय अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, जन्म १८९०. गला म्हणजे अडाण्यांची मोडकी इंग्रजी, असं तेव्हाचे विद्वान मानत. १९२९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनात शिकवत असताना गला विद्यार्थ्यांचं बोलणं टर्नर यांच्या कानावर पडलं आणि हे मोडकं इंग्रजी नव्हे असं त्यांना वाटू लागलं. त्यानंतर ते ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन किनारा आणि बेटं फिरले. आफ्रिकी भाषांचं शिक्षण घ्यायला लंडनला गेले. १९४९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात आफ्रिकी मुळाचे चार हजारांच्या आसपास शब्द होते, त्यांतली पुष्कळ घरात हाक मारायची नावं.

डॉली यांचं गाणं या शोधात मिळालं. सिएरा लिओनहून शिकायला आलेल्या सॉलोमन कॉकर या मेंडे जाणणाऱ्या विद्यार्थ्याने भाषा ओळखली आणि अर्थ लागला. अमेरिकेत आफ्रिकी कुळातल्या घरात टिकलेला आफ्रिकी भाषेतला हा ज्ञात असलेला सर्वांत लांब मजकूर.

मेंडे भाषेने अमेरिकेत वाट दाखवल्याची ही पहिली वेळ नव्हती. १८३९ मध्ये आमिस्ताद जहाजावर सेंग्बे पिए यांच्या नेतृत्वाखाली बंदिवानांनी बंड केलं. पुढे ते कनेक्टिकटच्या तुरुंगात पडले आणि त्यांचं बोलणं कुणाला समजेना. तेव्हा येल विद्यापीठाच्या जोसाया गिब्ज या प्राध्यापकांनी त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कोवी या खलाशाने आकडे ओळखले, दुभाषी मिळाला, आणि त्या माणसांची बाजू कोर्टात उभी राहिली. तिथे दहा शब्द पुरले होते.

डॉली यांच्या गावाचं मात्र काय झालं ते सांगायला हवं, कारण गाण्याच्या गोष्टीत ते गाळलं जातं. १९४२ मध्ये केंद्र सरकारने लष्करी विमानतळासाठी हॅरिस नेक ताब्यात घेतलं, सुमारे २,७०० एकर. कुटुंबांना थोड्याच दिवसांत घरं सोडावी लागली. युद्ध संपलं, जमीन परत मिळाली नाही. १९६२ मध्ये तिथे वन्यजीव अभयारण्य झालं. १९७९ मध्ये वारसांनी तिथे जाऊन तळ ठोकला, कोर्टात गेले, तरी जमीन सरकारकडेच राहिली. ज्या अंगणात ते गाणं म्हटलं जायचं ते अंगणच उरलं नाही. गाणं अमेलिया डॉली यांच्या लेकीजवळ, मेरी मोरन यांच्याजवळ, राहिलं.

माग उलटा काढताना

१९८० च्या दशकाच्या अखेरीला सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये, फोरा बे कॉलेजात जोसेफ ओपाला हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ गला आणि सिएरा लिओन यांच्या नात्यावर काम करत होते. १९८९ मध्ये गला लोकांचं एक पथक सिएरा लिओनला येऊन गेलं. टर्नर यांची जुनी मुद्रणं इंडियाना विद्यापीठात जपलेली होती. ओपाला, संगीतअभ्यासक सिंथिया श्मिट आणि सिएरा लिओनचे भाषाशास्त्रज्ञ तझीफ कोरोमा यांनी हे गाणं नेमकं कुठलं ते शोधायचं ठरवलं.

इथे कोरोमांचा कान कामी आला. गाण्यातला एक शब्द सगळीकडच्या मेंडेतला नव्हता, दक्षिणेकडच्या बोलीतला होता. वऱ्हाडी किंवा मालवणीतला एखादा शब्द ऐकून आपण माणसाचा मुलूख ओळखतो, तसंच. शोधाचा पट्टा आवळला. श्मिट मुद्रण घेऊन गावोगाव फिरल्या. सेनेहुन न्गोला या गावात बेंडू जबाती यांनी ते ऐकलं आणि सोबत म्हणायला सुरुवात केली.

बेंडू यांना ते आजीने शिकवलं होतं. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म पसरल्यावर तेंजामेई मागे पडला होता, त्यामुळे गाण्याला गावात जागाच उरली नव्हती. आजीने तरी ते नातीकडून घोटून घेतलं. कारण असं सांगितलं की आपली हरवलेली माणसं कधीतरी परत येतील आणि या गाण्यावरून ओळखू येतील.

म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर गाण्याचं मूळ प्रयोजन संपलं होतं. जॉर्जियात अर्थ गेला, सिएरा लिओनमध्ये विधी गेला. दोन्हीकडे ते आजी-नातीच्या किंवा मायलेकींच्या साखळीने टिकलं. मुखवट्यामागे मंडळ लागतं. या गाण्याला एक म्हातारी आणि एक मुलगी पुरली. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्याही अशाच आल्या, पण त्यांचा अर्थ गाणारीला कळत होता. न कळणारे शब्द दोनशे वर्षं जपणं ही निष्ठा वेगळ्या जातीची आहे आणि तिच्यापुढे मी खरोखर नतमस्तक आहे.

सावधपणे बोलायचं तर एक गोष्ट वेगळी काढायला हवी. गाण्याचा उगम त्या बोलीच्या मुलखात आहे, हे पुराव्याने दिसतं. मोरन कुटुंब आणि सेनेहुन न्गोलामधलं एखादं घर यांचं रक्ताचं नातं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. गाणं त्या मुलखातल्या कुठल्याही गावातून उचललेल्या मुलीबरोबर गेलेलं असू शकतं. ‘तेच घर सापडलं’ असं जेव्हा लिहिलं जातं तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. नातं लावायची घाई केली की जे खरोखर सापडलं आहे त्याचं मोल झाकलं जातं.

१९९० मध्ये मेरी मोरन यांचा पत्ता लागला. आईचं गाणं त्यांना येत होतं. मर्तिकाचं आहे हे त्यांना तेव्हा कळलं. सिएरा लिओनला जायची तयारी सुरू झाली आणि मार्च १९९१ मध्ये लायबेरियाच्या सीमेवरून बंडखोर घुसले, यादवी पेटली. सेनेहुन न्गोलालाही तिची झळ बसली. नोव्हेंबर १९९६ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला शांततेचा करार झाला, थोडी उसंत मिळाली. १९९७ च्या सुरुवातीला मेरी मोरन आपल्या कुटुंबातल्या माणसांसह तिथे पोहोचल्या. या प्रवासावर पुढच्या वर्षी माहितीपटही आला.

गावातल्या वयोवृद्ध जाणत्यांनी पाहुण्यांसाठी तेंजामेई मांडला. बऱ्याच वर्षांनी तो विधी गावात होत होता, आणि मेलेल्यांत या खेपेला ते सगळे होते ज्यांना कबर गावात मिळाली नव्हती. मेरी आणि बेंडू यांनी गाणं एकत्र म्हटलं. माणूस खरा कुठला हे तो कोणत्या भाषेत रडतो त्यावरून कळतं, अशी मेंडे लोकांची एक म्हण आहे, आणि गावाने तिच्यावर भिस्त ठेवली. रक्ताचा पुरावा कुणी मागितला नाही. पुराव्याबद्दलचं माझं म्हणणं अभ्यासापुरतं खरं आहे. त्या दिवशी त्या गावात ते गैरलागू होतं.

मोरन कुटुंब परतलं. २५ मे १९९७ रोजी फ्रीटाऊनमध्ये सैनिकांनी सत्ता उलथवली आणि सेनेहुन न्गोलाची वाट परत बंद झाली. युद्ध संपल्याचं जाहीर व्हायला जानेवारी २००२ उजाडलं.